इसेन्सची बाटली काय फक्त केकपुरतीच असते का?

फ्रीजच्या दाराचा वरचा कप्पा उघडून बघा. व्हॅनिला इसेन्सची एक छोटी बाटली असणारच, झाकण चिकट झालेलं, आत अर्धीअधिक भरलेली, आणि तिच्या शेजारी बहुतेक पायनॅपलची नाहीतर गुलाबाची अजून एक. कोणाच्यातरी वाढदिवसाला घरी केक करू म्हणून आणली, केकला लागला एक चमचा, बाकीची तेव्हापासून तिथेच. लॉकडाऊनमध्ये जो तो कुकरमध्ये मीठ तापवून केक करत होता, त्या वेळच्या कित्येक बाटल्या अजून घरोघरी असतील. तुमची २०२० ची असेल तर आधी मागची तारीख बघा, उलटून गेली असेल तर सरळ टाकून द्या.

माझ्याकडे एका वेळी पाच बाटल्या जमल्या होत्या आणि मी काही फार केक करणाऱ्यातली नाही. मग म्हटलं रोजच्या स्वयंपाकात वापरून बघू. काही जमलं, काही पार बिघडलं, त्यातला शिकरणीचा किस्सा पुढे सांगते. या सगळ्यातून माझा एकच नियम ठरला. खाणाऱ्याने "यात व्हॅनिला घातलंय का गं" असं विचारलं तर जास्त पडलंय. "आज काय वेगळं केलंयस" असं विचारलं तर बरोबर पडलंय. आपण जायफळ घालतो ना, पुरणात किंवा बासुंदीत, ते असतं म्हणून कळत नाही पण नसलं की काहीतरी राहिलंय असं वाटतं, तसंच इसेन्सचं व्हायला पाहिजे.

आधी बाटली वाचा

आपण सगळ्यालाच इसेन्स म्हणतो पण दुकानात मिळणाऱ्या बाटल्यांमध्ये तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात.

एक्स्ट्रॅक्ट म्हणजे खरा अर्क. व्हॅनिलाच्या शेंगा अल्कोहोलमध्ये महिनोन् महिने मुरवून काढलेला. अमेरिकेत तर नियमच आहे की व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट म्हणून विकायचं तर त्यात कमीत कमी ३५ टक्के अल्कोहोल पाहिजे आणि लिटरला साधारण १०० ग्रॅम शेंगा पाहिजेत. दुसरी गोष्ट म्हणजे इसेन्स, आपल्याकडे किराणा दुकानात जी स्वस्त बाटली मिळते ती बहुतेक वेळा हीच असते, एक्स्ट्रॅक्ट नसतं, त्यात कारखान्यात बनवलेलं व्हॅनिलिन असतं. व्हॅनिलाच्या वासातला मुख्य घटक म्हणजे हे व्हॅनिलिन, आणि ते १८७४ मध्येच जर्मनीत प्रयोगशाळेत तयार केलं होतं, म्हणजे नकली व्हॅनिला हे काही आजकालचं फॅड नाही, दीडशे वर्षं झाली त्याला. लेबलवर बारीक अक्षरात नेचर आयडेंटिकल किंवा आर्टिफिशियल फ्लेवर लिहिलेलं असतं ते हेच.

आता यात नाक मुरडण्यासारखं काही नाही असं माझं मत. खऱ्या शेंगेत व्हॅनिलिनशिवाय दोनशेच्या वर अजून वासाचे घटक असतात, त्यामुळे खरा अर्क जास्त भरीव लागतो हे कबूल, पण ते कळतं कुठे? थंड आणि साध्या पदार्थात. श्रीखंड, आइस्क्रीम, नुसतं थंड दूध. शेवयाच्या खिरीत वेलची, तूप, बेदाणे सगळं असताना महागाचं एक्स्ट्रॅक्ट ओतणं म्हणजे पैसे खिरीत घालणं. आणि खरं महाग का असतं तर व्हॅनिलाचं फूल हाताने फलित करावं लागतं, एकेक फूल, तेही उमलल्यापासून काही तासांत. ही हाताने करायची सोपी रीत १८४१ मध्ये रेयुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या गुलामगिरीतल्या अवघ्या १२ वर्षांच्या मुलाने शोधली, आणि आज सगळीकडे तीच वापरतात. वर हिरव्या शेंगेला तसा वास नसतोच, ती उबवून, वाळवून, महिनोन् महिने मुरवून मग वास येतो. आपल्याकडे केरळ-कर्नाटकात २००० नंतर भाव चढले म्हणून लोकांनी भराभर व्हॅनिला लावला आणि काही वर्षांत भाव असा कोसळला की कित्येकांनी वेल उपटून टाकले. असो, विषय भरकटतोय.

तिसरी गोष्ट म्हणजे पाणी. गुलाबपाणी, केवडा पाणी. फुलं हंड्यात उकळून त्याची वाफ थंड करून धरलेली, त्यामुळे ही सौम्य असतात आणि चमच्याने घालता येतात. आणि चौथं सिरप, त्यात साखर आणि रंगच जास्त. सगळ्यात मोठा घोळ इथे होतो की रेसिपीत "एक चमचा केवडा" लिहिलेलं असतं, लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं केवडा पाणी आणि आपल्या हातात असतं केवडा इसेन्स. चमचाभर इसेन्स बिर्याणीत गेला की ती बिर्याणी अत्तराच्या दुकानात बसून खाल्ल्यासारखी लागते. पाणी चमच्याने, इसेन्स थेंबाने, एवढं तरी लक्षात ठेवा.

आणि हो, घरी कोणी अल्कोहोल चालवून घेत नसेल तर घटक वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच इसेन्समध्ये अल्कोहोल नसून प्रॉपिलीन ग्लायकॉल (वास विरघळवून धरणारं द्रव) असतं, लेबलवर आयएनएस १५२० असं येतं कधीकधी. पाहुण्यांना चालतं की नाही हे विचारून घेतलेलं बरं, नंतर कळलं तर त्यांना वाईट वाटतं. गुलाबपाणी घेताना तर नक्कीच बघा की ते खाण्याचं आहे, चेहऱ्याला लावायचं वेगळं मिळतं आणि बाटल्या दिसायला सारख्याच. अरोमाथेरपीची तेलं पण खायची नसतात, वास कितीही छान असला तरी.

थेंब कसे मोजायचे

बाटली कधीही थेट पातेल्यावर धरू नका. खालून वाफ येते, हात सटकतो, बाटलीचं भोक मोठं असतं आणि एका झटक्यात अर्धा चमचा आत. आधी चमच्यात घ्या, चमच्यातून पातेल्यात. मेडिकलमध्ये औषधाचा ड्रॉपर मिळतो तो आणून ठेवा, वापरून झाला की धुवून वेगळा ठेवा, बाटलीतच खुपसून ठेवला तर त्याचं रबर फुगून चिकट होतं.

हिशोब साधारण असा की २० थेंब म्हणजे १ मिली, आणि छोटा चमचा ५ मिलीचा, म्हणजे शंभरेक थेंब. मला हे कळलं तेव्हा धक्काच बसला कारण मी "थोडंसंच घातलंय" म्हणून पाव चमचा घालायचे तेव्हा ते पंचवीस थेंब होत होते. कॉफीच्या एका मगाला तीन थेंब पुरतात.

लहानपणी रसनाचं खोकं आणायचो ते आठवतं का? त्यात पावडरची पुडी आणि एक छोटी बाटली असायची, साखरेच्या पाण्यात दोन्ही घालून अख्खा सरबताचा साठा व्हायचा, ३२ ग्लास. ती एवढीशी बाटली ३२ ग्लासांना पुरायची, यावरून काय ते समजा.

पेपरमिंट, केवडा, बदाम हे फार जोरकस असतात, त्यांच्यासाठी माझी युक्ती म्हणजे आधी पातळ करून ठेवणं. दोन चमचे गार साखरेच्या पाकात चार-पाच थेंब घालून छोट्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवते, आठवडाभर चालतं, आणि मग त्यातलं अर्धा-अर्धा चमचा घालता येतं, हात चुकला तरी आभाळ कोसळत नाही. पेपरमिंटला तर मी टूथपिक बुडवते आणि ती टूथपिक पदार्थात फिरवते, थेंबसुद्धा नाही.

कधी घालायचं

गॅस बंद केल्यावर. हे एक वाक्य चिकटवून ठेवा ओट्यावर. इसेन्स म्हणजे वास, आणि वास म्हणजे उडून जाणारी गोष्ट. खीर उकळत असताना घातलं तर स्वयंपाकघरात मस्त वास सुटतो, शेजारच्या काकू विचारतात काय चाललंय, आणि वाटीत काहीच उरत नाही. जो वास घरभर पसरला तो खिरीतून गेलेलाच असतो ना. गॅस बंद करा, पाच-सात मिनिटं थांबा, वाफ जरा बसली की घाला, ढवळा आणि झाकण ठेवा.

मुख्य अपवाद दोन. एक म्हणजे दम दिलेला किंवा वाफवलेला पदार्थ, तिथे झाकण बंद असतं म्हणून आधी घातलं तरी चालतं. दुसरा म्हणजे थंडच करायचा पदार्थ, तिथे प्रश्नच नाही. फोडणीत मात्र चुकूनही नको, गरम तेलात पडला की तडतडतो आणि जळका वास येतो तो वेगळाच.

थंड पदार्थात वास कमी जाणवतो, हे पण लक्षात घ्या. गरम असताना चव बघून बरोबर वाटलेली बासुंदी फ्रीजमधून काढल्यावर फिकी लागते. म्हणून थंड खायचा पदार्थ असेल तर आधी गार होऊ द्या, मग चव बघा, मग गरज पडली तर दोन थेंब वाढवा. श्रीखंड तर रात्री करून ठेवलेलं सकाळी वेगळंच लागतं, सायीत स्निग्धात वास हळूहळू मुरतो, म्हणून रात्री जरा कमीच घाला.

दुधातलं सगळं, आणि शिकरणीचा किस्सा

व्हॅनिला सगळ्यात जास्त जमतं ते दुधाशी. मी नाचणी सत्त्वापासून सुरुवात केली कारण घरातलं लहान पोरगं तोंड फिरवायचं. एक वाटी दूध, एक चमचा नाचणी सत्त्व, गूळ, शिजवून गॅस बंद, दोन थेंब व्हॅनिला. तेवढ्यावर ते खायला लागलं, आणि गूळही कमी लागायला लागला. हे खरंच होतं, व्हॅनिलाचा वास आपल्या डोक्यात गोडाशीच जोडलेला असतो म्हणून कमी गोड असलं तरी गोड वाटतं. कॉफीत करून बघा, नेहमीच्या साखरेतली अर्धा चमचा कमी करा आणि तीन थेंब घाला. चहात मात्र मला नाही पटलं, आलं-वेलचीच्या चहात व्हॅनिला म्हणजे लग्नात दोन बॅन्ड एकदम वाजावेत तसं.

दलिया, ओट्स, गव्हाच्या सत्त्वाची खीर, सगळीकडे हेच. गुळाच्या घावनाच्या पिठात चार थेंब घालते मी कधीकधी. अंडं घालून गोड टोस्ट करत असाल, दूध-अंडं-साखरेत ब्रेड बुडवून, तर तिथे तर पाहिजेच, अंड्याचा उग्र वास मरतो. त्याच कारणासाठी खरवसात. चिकाच्या दुधाला एक वास असतो तो आमच्याकडे निम्म्या लोकांना आवडत नाही, मी जायफळ-वेलचीबरोबर अर्ध्या लिटरला दहा-बारा थेंब व्हॅनिला घालते, वाफवायचा असतो म्हणून जरा जास्त. सासूबाईंना सांगितलं नव्हतं, त्या म्हणाल्या या वेळचा चीक चांगल्या म्हशीचा दिसतोय. मी गप्प.

आता शिकरण. बाटल्यांमध्ये एक बनाना इसेन्सची होती, कोणीतरी दिलेली, आणि केळी जरा कच्चीच होती त्यामुळे मी म्हटलं चला, शिकरणीत घालू, केळ्यात केळ्याचाच इसेन्स, यात काय चुकणार. पाव चमचा घातला. अहो, वाटीतून नेलपॉलिश रिमूव्हरचा वास यायला लागला. मुलगा म्हणाला आई तू यात रंग ओतलास का. नंतर वाचलं तेव्हा कळलं की तो काही चुकीचं बोलला नव्हता, केळ्याच्या इसेन्समधला मुख्य घटक, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, रंगांच्या आणि लॅकरच्या थिनरमध्येसुद्धा वापरतात. पिकलेल्या केळ्यात तो असतोच, पण अगदी किंचित आणि बाकी पन्नास वासांबरोबर. नुसता तोच, तोही भरपूर, घातला की थिनर. ती शिकरण वाया गेली पण धडा मिळाला. फळात त्याच फळाचा इसेन्स घालायचा तर फळ आधी चांगलं पाहिजे, इसेन्सने कच्चं फळ पिकत नाही. मग शिकरणीत काय? व्हॅनिला, वाटीला एक थेंब, आणि वेलची. केळ्याला छान जुळतं.

याच कारणामुळे आमरसात मँगो इसेन्स घालणाऱ्यांचं मला काही कळत नाही. हापूसच्या रसात तर पापच, आणि बेचव आंब्याच्या रसात घातला तर आंब्याच्या टॉफीसारखा वास येतो. तिथे केशर, वेलची, थोडं मीठ आणि जरा साखर हेच बरं. पन्ह्यातही नको.

पायनॅपल इसेन्स मात्र शिऱ्यात चांगला चालतो, उडुपी हॉटेलात मिळतो तसा पायनॅपल शिरा हवा असेल तर. एक वाटी रवा तुपात खमंग भाजा, एक वाटी अननसाचे बारीक तुकडे साखरेत शिजवून घ्या, दोन वाट्या गरम पाणी, पाऊण ते एक वाटी साखर, सगळं मोकळं झालं की गॅस बंद आणि चार थेंब. अननस खरा पाहिजे, नुसत्या इसेन्सवर केला की टॉफी. सत्यनारायणाच्या सव्वाच्या मापाच्या शिऱ्याला मात्र हात लावू नका, तिथे केळं आणि तुळशीपत्र आहे ना, बास झालं.

फ्रूट सॅलडमध्ये कस्टर्ड पावडर घालत असाल तर वरून व्हॅनिला घालू नका, त्या पावडरीत ते आधीच असतं. बऱ्याच जणी डबल घालतात.

गुलाब, केवडा, वाळा

हे तर आपले जुनेच. गुलाबजामच्या पाकात गुलाबपाणी घालतोच आपण, फक्त पाक उकळत असताना नको, कोमट झाल्यावर. पण त्यापलीकडे दोन ठिकाणी करून बघा. कलिंगडाच्या रसात, मोठ्या जगाला दोन छोटे चमचे गुलाबपाणी, चिमूटभर मीठ आणि लिंबू. आणि दुसरं म्हणजे बिटाची दह्यातली कोशिंबीर, बिटाचा तो मातकट वास ज्यांना आवडत नाही त्यांच्यासाठी, वाटीभर कोशिंबिरीला अर्धा छोटा चमचा गुलाबपाणी. जिऱ्याची फोडणी आधी द्या, गार झाली की मग गुलाबपाणी. आमच्याकडे पहिल्यांदा सगळ्यांनी संशयाने बघितलं होतं, आता बिटाबरोबर मागतात.

केवडा आपल्याला माहीत आहे तो गौरी-गणपतीतला आणि पानाच्या कातातला. इसेन्स किंवा पाणी ज्यातून काढतात तो मुख्यतः ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातून येतो, तिथे नर झाडाची फुलं तांब्याच्या भांड्यात उकळून अर्क काढतात. बिर्याणीत एक किलो तांदळाला दोन छोटे चमचे केवडा पाणी, किंवा इसेन्स असेल तर तीन-चार थेंब अर्धा वाटी कोमट दुधात घालून, ते दूध दम द्यायच्या आधी वरून शिंपडायचं. दुधातून गेलं की एका जागी साठत नाही, नाहीतर एखाद्याच्या ताटात सगळा केवडा येतो. पनीरच्या पांढऱ्या ग्रेव्हीत, काजू-मगजवाली, शेवटी एक थेंब. व्हेज पुलावात नाही आवडला मला, मटार आणि केवडा काही जमत नाहीत.

वाळ्याचं सांगायचं तर उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतात ती पद्धत अजून कोणी करत असेल तर इसेन्सची गरजच नाही. नसेल मिळत तर वाळा इसेन्सचे दोन थेंब लिंबू सरबताच्या जगात. बाजारातलं वाळा सरबत हिरवंगार असतं तो रंग वरून घातलेला, मूळ तर तपकिरी असतं. घरी करायचं तर मुळं स्वच्छ धुवून रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी गाळून त्या पाण्याचा साखरेबरोबर पाक करा. फिकट मातकट रंगाचं होईल पण वास खरा.

तिखटात चालतं का?

चालतं, पण इथे फार जपून. आणि इथली माझी सगळ्यात आवडती बाटली गोडाची नाहीच, धुराची आहे.

माझी मामेबहीण अमेरिकेत असते, तिच्याकडे गॅस नाही, इलेक्ट्रिक शेगडी. भरताचं वांगं भाजायचं तर ओव्हनमध्ये, आणि ओव्हनमधलं वांगं मऊ होतं पण भरीत लागत नाही, उकडलेलं वांगं लागतं. बाल्कनीत कोळसे पेटवायला सोसायटीची परवानगी नाही आणि घरात धूर केला तर अलार्म वाजून अख्खी बिल्डिंग खाली येते. ती वापरते लिक्विड स्मोक. लाकूड जाळून जो धूर येतो तो थंड करून पाण्यात धरतात आणि गाळतात, म्हणजे धुराचा अर्कच. अमेरिकेत हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून बाटलीत मिळतं. एका मोठ्या वांग्याला, म्हणजे पाव ते अर्धा किलोच्या, चार-पाच थेंब, वांगं ठेचून झाल्यावर आणि फोडणी घालायच्या आधी. वर कच्चा कांदा, कोथिंबीर, शेंगदाणे. जळगावच्या भरताची सर नाही हे मी आधीच सांगते, पण परदेशात बसून भरीत-भाकरीची आठवण काढणाऱ्यांसाठी फार उपयोगी. दाल तडक्यात दोन थेंब चालतात, पनीर टिक्क्याच्या मॅरिनेशनमध्ये चालतात. इथे राहणाऱ्यांनी मात्र सरळ वाटीत पेटता कोळसा ठेवून वर तूप सोडा आणि झाकण लावा, फुकटात काम होतं.

व्हॅनिला तिखटात म्हटलं की लोक हसतात. लाल भोपळ्याचं सूप करून बघा. भोपळा, कांदा, आलं, मिरपूड, शिजवून मिक्सरमधून काढलं की चार वाट्यांना दोन थेंब व्हॅनिला. कोणालाही कळत नाही काय आहे ते, भोपळा फक्त जास्त भोपळ्यासारखा लागतो. टोमॅटोच्या साराला एकदा एक थेंब घातला होता, आंबटपणा जरा गोलसर झाला, पण त्यात लसूण असेल तर नको. लसूण आणि व्हॅनिला एका वाटीत म्हणजे भांडण. तसंच गोडा मसाला, काळा मसाला, मालवणी वाटण, खोबऱ्याचं वाटण यांच्या जवळपासही इसेन्स नको, त्यांचा स्वतःचा वास इतका भरलेला असतो की बाहेरचा पाहुणा उपराच वाटतो. सोलकढीत नारळाचा इसेन्स घालू का असं एकीने विचारलं होतं. नाही. नारळ खवा.

बदामाच्या इसेन्सचं एक गंमतशीर आहे. तो आपल्या भिजवलेल्या बदामासारखा लागतच नाही, कारण तो वास कडू बदामाचा आणि जर्दाळूच्या बियांचा असतो, आपण खातो ते गोड बदाम, त्यांना तो वास जवळजवळ नसतो. म्हणून मसाला दुधात तो घातला की औषधी लागतं. पण जर्दाळूबरोबर अफलातून, हैदराबादी खुबानी का मीठा करताना जर्दाळूच्या आठळ्या फोडून आतलं बी वरून घालतातच ना, तोच वास. अर्धा किलो जर्दाळूला एक थेंब, गॅस बंद केल्यावर.

संत्र्याचा इसेन्स मी गाजर हलव्यात घालते, किलोभर गाजराला तीन थेंब, पण तेव्हा वेलची वगळते. दोन्ही घातलं की काहीच धड लागत नाही. एका पदार्थात एकच वास पुढे असावा, दुसरा फार तर मागे उभा राहू शकतो. केशर-वेलची-जायफळ एकत्र चालतात कारण आपण पिढ्यान् पिढ्या त्यांचं प्रमाण बसवलंय.

जास्त पडलं तर

झाकण काढा आणि मंद आचेवर उकळत ठेवा, खीर-बासुंदी असेल तर दहा मिनिटांत बराच वास उडतो, थोडं दूध घालून. श्रीखंड उकळता येत नाही, तिथे अजून चक्का घालून वाढवायचं, दुसरा इलाज नाही. जायफळ घालून दाबता येतं थोडंफार. पेपरमिंट जास्त पडलं असेल तर सोडून द्या, नव्याने करा. साखर वाढवून झाकायला जाऊ नका, वास तसाच राहतो आणि गोडमिट्ट होतं ते वेगळंच.

बाटल्या गॅसच्या वरच्या कपाटात ठेवू नका, तिथे गरम होऊन सहा महिन्यांत मरतात. काळोखात, गार जागी, झाकण घट्ट, आणि पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा. मुंबईत असाल तर क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बेकिंगच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे छोट्या बाटल्या मिळतात, मोठी घेऊच नका पहिल्यांदा.

आणि इसेन्स नकोच वाटत असेल तर व्हॅनिलाची एक शेंग आणा, मधोमध चिरा, पाव किलो साखरेच्या बरणीत खुपसून ठेवा, दोन-तीन आठवडे झाकण उघडू नका. ती साखर कॉफीत, खिरीत, शिकरणीत कशातही जाते. साखर संपत आली की नवी ओतायची, तीच शेंग बरेच महिने वास देत राहते. आमच्या बरणीवर कोणीतरी "साखर" असं नुसतं लिहून ठेवलं होतं आणि परवा ती साखर थेट वरणात गेली.